गोजरबाईचा कांदा दिल्लीला जातो

गोजरबाईला राग यायला कारण लागत नाही, असं सांगणारी माणसं बहुधा नुकतीच तिला कारण देऊन आलेली असत. काष्टीच्या बाजारात एका व्यापाऱ्याच्या तराजूला पारड्याखाली चिंच चिकटवलेली होती. ती तिनं बोटानं खरवडून काढली आणि "खा, तुझीच हाय" म्हणत चारचौघांत त्याच्या तोंडात भरली. चिंच होतीच, हे सगळ्यांनी पाहिलं. तरी गावात गोष्ट राहिली ती बाईच्या रागाची. चिंचेचं पुढं कुणी नाव काढलं नाही.

ती मूळची पाथर्डीकडची. दसरा झाला की बैलगाडीत भांडीकुंडी, कोंबड्या आणि पोरं घालून ऊसतोडीला निघायचं, ही तिच्या माहेरची रीत. तिचा जन्मच मुळी फडावरचा. उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, ती रांगली आणि नीट चालायला यायच्या आत मोळ्या बांधायला शिकली. उसाच्या पात्यांनी कापलेल्या रेघा तिच्या हातांवर अजून दिसत. चहा ती बिनसाखरेचा प्यायची. कुणी विचारलं तर, "म्या तिला जलमताना बघितलीय, तोंडात घालवत न्हाई," एवढंच सांगायची.

लग्न होऊन ती काष्टीजवळच्या दरेकर वस्तीवर आली, तेव्हा आईनं तिच्या पदराला कांद्याचं बी बांधून दिलं होतं. दुसरं देण्यासारखं काही नव्हतं, हे आईनं सांगितलं नाही आणि लेकीनं विचारलं नाही. ते बी तिनं सासरच्या विहिरीकडच्या रानात धरलं. कांदा गर्द लाल, मानेला बारीक आणि टिकायला असा चिवट, की कांदा साठवायच्या चाळीत पावसाळा काढून दिवाळीला तोच कांदा पाटावर येई. त्यातले निवडक कांदे ती पातीची वेणी घालून चुलीवरच्या आढ्याला टांगायची. कार्तिकात त्यातलेच पुन्हा मातीत लावायची, त्यांना फुलांचे डोंगळे आले की पुढच्या सालचं बी धरायची. ही साखळी तिनं वीसेक वर्षं तुटू दिली नव्हती. घरात बाकी बरंच काही तुटलं होतं, पण ते तिच्या हातात नव्हतं.

नवरा श्रीमंत हा नावापुरता. तो बोलण्यातही काटकसर करी, त्यामुळं घरात बोलायचं काम धाकट्या भावाकडं, काकासाहेबाकडं गेलेलं. काकासाहेब सोसायटीचा चेअरमन होता. चेअरमन झाल्यापासून तो घरातही ठराव मांडल्यासारखा बोलायचा. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात, कांदा काढून नुकता चाळीत भरला होता, तेव्हा त्यानं असाच एक ठराव चुलीपुढं मांडला.

"वहिनी, नव्या कारखान्यात उसाच्या नोंदी चालल्यात. विहिरीकडचं रान आडसाली उसाला द्यावं म्हंतो."

"कुनाला इचारून?"

"तुमालाच इचारतोय की."

"मग न्हाई."

"आवं, पर ऐका तरी. ऊस म्हंजे एकदा लावला की मानसानं झोपा काढायच्या."

"ज्याचं रान त्यो झोपा काढतो, भावजी." गोजरबाईनं भाकरी तव्यावर आपटली. "तोडनारं कुनाचं लेकरू हाय, त्ये त्याला ठावंबी नसतं. आन् हितं तोडायला कोन येनार? माझाच कानिफनाथ आन् माझाच गोरक्ष ना, पाथर्डीवरनं? भावांनी कोयता घेऊन माझ्या दारात कोपी बांधायच्या, आन् म्या त्येंना पाटलिनीवानी वट्यावरनं बघू व्हय?"

काकासाहेबाला सभा हाताळायची सवय होती. विरोध फार झाला की तो अट घालून विषय पुढं ढकलायचा.

"बरं, आसं करू. नागपंचमीच्या आत तुमच्या कांद्याला वाघीण लागली, तर ते रान तुमचं, म्या पुन्ना नाव काढनार न्हाई. न्हाई लागली, तर ऊस."

वाघीण म्हणजे रेल्वेचा मालडबा. काष्टी स्टेशनात दरसाल उन्हाळ्यात वाघिणी लागत आणि कांदा बंदरावर जाई. तिथून तो बोटीनं समुद्रापलीकडच्या एका बेटावर जात असे. सरकारी कागदावर त्या देशाला नाव होतं, झेंडा होता, राष्ट्रगीत होतं. काष्टीत त्याला नुसतं 'बेट' म्हणत. गोजरबाईला अट ऐकून हसू आलं. वाघीण लागायची नाही, असं आजवर झालंच नव्हतं.

"बोलला तसं वागा म्हंजे झालं. बोलले, लावा पैज. तुमी हाव ना साक्षीला?" तिनं नवऱ्याला विचारलं.

श्रीमंत "हं" म्हणाला. त्या वर्षातलं ते त्याचं मोठं भाषण होतं.

आणि त्या वर्षी वाघीण लागली नाही.

वैशाख सरत आला तरी स्टेशनाच्या मालधक्क्यावर कुत्री झोपलेली. व्यापारी पोत्यांवर बसून तंबाखू मळत होते. भाव इतका पडला की कांदा बाजारात नेण्यापेक्षा बैलांना विश्रांती देणं परवडू लागलं. गोजरबाई तावातावानं शलमोन मास्तरांकडं गेली. मास्तर भिंगारचे, मिशनच्या शाळेत शिकलेले, काष्टीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि संध्याकाळी लोकांना वर्तमानपत्र समजावून सांगायचे. या दुसऱ्या कामाचा पगार नव्हता, म्हणून ते काम ते जास्त मन लावून करत.

"गोजरबाई, करार संपलाय. नवा ठरायचाय. तोवर बोटी बंद."

"कांदा खायला करार लागतो व्हय?"

"खायला नाही लागत. विकायला लागतो."

"मग करा म्हनावं ना. आडलंय कुठं?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "बेटवाले म्हणतात, आमचं खोबरं घ्या. आपले किनाऱ्यावरचे नारळवाले म्हणतात, त्यांचं खोबरं आलं तर आम्ही मेलो. आणि बेटावरचे कांदेवाले म्हणतात, तुमचा कांदा आला तर आम्ही मेलो."

"समदेच मरत्यात. मग जगतंय कोन ह्याच्यात?"

"शिलाई मशीनवाले. आपल्या सरकारला तिथं मशिनी विकायच्यात."

गोजरबाईनं बराच वेळ शिव्या दिल्या. कुणाला द्यायच्या ते नीट ठरत नव्हतं, म्हणून सगळ्यांना दिल्या. नारळाचं झाडसुद्धा सुटलं नाही.

मग बातमी आली, की बेटाचं शिष्टमंडळ कांद्याचा मुलूख बघायला येणार आणि त्यासाठी दरेकर वस्ती निवडली आहे. निवडायचं कारण असं, की वस्तीपर्यंत जीप जात होती. मांडव पडला, केळीचे खांब लागले, तालुक्याहून खुर्च्या आल्या. शेतकी खात्याच्या साहेबांनी सगळ्यांना एकत्र बसवून बजावलं, की पाहुण्यांपुढं आपली बाजू भक्कम मांडायची, आपला माल किती उत्तम आहे ते सांगायचं. उत्तम मालाची जाहिरात कशी अंगाशी येऊ शकते, हे साहेबांना माहीत नव्हतं. तो विषय त्यांच्या परीक्षेला नसावा.

काकासाहेब भावजयीला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, आजच्या दिवस राग बाजूला ठिवा."

"ठिवते की. कुठं ठिवू सांगा. घरात तुमी जागा ठिवलीय व्हय कशाला?"

पाहुणे आले. कोट-पाटलोणीतले साहेब मांडवात बसले आणि लिंबाचं सरबत घेत आकडे सांगू लागले. त्यांच्यात एक काळा, किडकिडीत माणूस पांढरी लुंगी नेसलेला होता. तो सरबताला थांबला नाही. कुणाला न विचारता सरळ चाळीकडं गेला, वाकला आणि तुरीच्या काटक्यांच्या कुडातून ढिगात कोपरापर्यंत हात घातला.

"अय! बापाचा माल हाय व्हय?" गोजरबाई पदर खोचून धावली. "मास्तर, त्याला सांगा, हितं ईचारून हात घालत्यात!"

शलमोन मास्तर दुभाषा म्हणून आले होते. ते काय सांगावं याचा विचार करीत होते, तोवर त्या माणसानं ढिगाच्या पोटातून एक कांदा बाहेर काढला, अंगठ्यानं त्याची मान दाबून पाहिली आणि नाकाला लावला. गोजरबाई थबकली. तिनं त्याच्या टाचांकडं पाहिलं. टाचांना भेगा होत्या, आणि भेगांत माती. साहेबांच्या गर्दीत हा एकटा घरचा निघाला.

तो इंग्रजीतून मास्तरांशी बोलला, हळू, एकेक शब्द ठेवत. मास्तरांनी सांगितलं, "हा तिकडचा कांदेवाला आहे. म्हणतो, माझा कांदा निघतो तेव्हाच तुमची बोट लागते. मग माझा कांदा गुरंसुद्धा खात नाहीत."

"मग आमी काय करावं? समुद्रात ढकलावा आमचा कांदा?"

"तो म्हणतो, तुमची घाई त्याला कळते. तुमचा कांदा टिकत नाही. बोटीतून उतरतो तेव्हाच निम्मा सडलेला असतो, म्हणून तुम्ही तो लवकर ढकलता."

हे तो खरंच समजत होता, की त्यानं मुद्दाम खडा टाकला, हे पुढं कुणालाच ठरवता आलं नाही. गोजरबाईच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. तिनं त्या माणसाचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच घरात नेलं. मांडवातले साहेब उठून उभे राहिले. दोन देशांच्या संबंधांत आता काय होतंय ते त्यांना कळेना.

चुलीवरच्या आढ्याला दोन वेण्या टांगलेल्या होत्या. तिनं धुरानं काळवंडलेली, मागची वेणी खाली ओढली.

"त्याला सांगा, मास्तर. ही यंदाची न्हाई. ही गेल्या सालची हाय. ह्याच्यावरनं आख्खा पावसाळा गेलाय, हिवाळा गेलाय. हुडक म्हनावं, कुठं सडलाय त्ये!"

वेणीतला एक कांदा पाटावर ठेवून तिनं त्याच्यावर बुक्की मारली. कांदा फुटला. आतून ओला, कडक, डोळ्याला झोंबणारा. पानात भाकरी, मीठ, आणि तो फोडलेला कांदा. पाहुण्याला जेवायला सांगावं लागलं नाही. तो मांडी घालून बसला आणि कांद्याची पाकळी तोंडात घातल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले. मग तीही समोर बसली आणि उरलेला कांदा खाऊ लागली. दोघं एकमेकांकडं रागानं बघत जेवली. बाहेर साहेब लोक आकड्यांवर होते.

तो निघाला तेव्हा गोजरबाईनं वेणीतला सगळ्यात मोठा कांदा तोडून त्याच्या हातात दिला. दारात आलेल्याला मोकळ्या हातानं पाठवायचं नाही, एवढं तिला आईनं शिकवलं होतं. त्यानं दोन्ही हात जोडले, कांदा लुंगीच्या कनवटीला बांधला आणि काहीतरी बोलला.

"म्हणतो, असा कांदा त्यानं जन्मात पाहिला नाही," मास्तर म्हणाले.

त्यानंतर कित्येक दिवस गोजरबाई कुणावर चिडली नाही. घरात सगळ्यांना काळजी वाटू लागली.

दिल्लीच्या शेवटच्या बैठकीला कांदेवाल्यांचा प्रतिनिधी म्हणून काकासाहेबाला नेलं. जाताना त्यानं नवी टोपी घातली. आषाढात परत आला तेव्हा टोपी तीच होती, तोंड मात्र बदललेलं. त्याला गोष्ट सांगायची होती आणि सांगायचीही नव्हती.

"टेबल केवढं हुतं म्हनता! आपली विहीर झाकून उरंल."

"टेबल न्हाई इचारलं. करार झाला का?"

"झाला."

"मग वाघीण कवा लागनार?"

काकासाहेबानं पाणी मागितलं. पाणी पिऊन झालं तरी तांब्या खाली ठेवला नाही.

"आमाला भितीकडच्या खुर्च्या दिल्या हुत्या. त्यो लुंगीवाला मातर टेबलावर, त्येंच्या मोठ्या सायबाच्या शेजारी. चार दिस कुनीच हटंना. खोबरं घेनार न्हाई म्हनून आपले, कांदा घेनार न्हाई म्हनून त्येंचे. मग त्यो उठला. कनवटीचा कांदा काढला आन् टेबलावर ठिवला."

गोजरबाई चुलीपुढून उठून उभी राहिली.

"म्हनला, हा गेल्या सालचा कांदा हाय. जिनं पिकीवला तिनं माझ्या हातात दिलाय. ती म्हनती टिकतो, आन् ती खोटं बोलनारी बाई न्हाई. एवढा टिकतो, तर माझ्या सुगीतच कशाला धाडता? माझा इकून झाला की धाडा. तवर तिच्या घरात ऱ्हाऊ द्या, तिथं त्याला काय हुत न्हाई."

"आन् आपले सायब?"

"त्ये खूश. फुकटात सुटले. एका कागदावर दिवाळीपातूर कांदा बंद, दुसऱ्यावर शिलाई मशिनी. खोबऱ्याचंबी थोडं थोडं ठरलं. लगीच च्या मागिवला."

"तुमी काय करत हुता तितं? तुमाला कशाला न्हेलं हुतं?"

"मला इचारलं की. सायब वळून म्हनले, काय हो, खरंच एवढा टिकतो का तुमचा कांदा?"

"मग?"

"मग काय म्हनू? तेवढी समदी मानसं बसल्याली, परक्या देशाची. न्हाई म्हनू? कांद्याची अब्रू हुती, वहिनी. म्हनलं, व्हय, टिकतो."

"अब्रू कांद्याची हुती का उसाची, भावजी?"

फुंकणी काकासाहेबाच्या टोपीवरून गेली आणि कणगीला लागली. श्रीमंत उठून कणगी फुटली का ते बघायला गेला.

गोजरबाईनं त्या आठवड्यात कुणालाही सोडलं नाही. साहेबांना, सरकारला, शिलाई मशिनीला, दिराला, सगळ्यांना वाटणी मिळाली. फक्त लुंगीवाल्याच्या वाटणीशी आली की तिच्या तोंडाचा पट्टा अडायचा. "माझ्या घरचं मीठ खाल्लं मेल्यानं," असं सुरू करायची आणि पुढं शब्द सुचायचे नाहीत. शेवटी ती मास्तरांकडं गेली.

"मास्तर, त्यो तितं खोटं काय बोलला?"

मास्तरांनी विचार केला. "काहीच नाही."

"हीच तर हरामखोरी हाय. खोटं बोलला आसता तर बरं हुतं." मग म्हणाली, "त्याच्या जागी म्या आसते, तर कांदा टेबलावर ठिवला नसता. सायबाच्या टाळक्यात हानला आसता."

नागपंचमी आली. पोरींनी झोके घेतले. दुसऱ्या दिवशी उसाच्या बेण्याच्या गाड्या वस्तीवर आल्या. श्रीमंतानं भावाचा हात धरला आणि म्हणाला, "एक साल थांब." घरातली माणसं त्याच्याकडं बघतच राहिली. काकासाहेब थांबलाही असता कदाचित, पण ओट्यावरून गोजरबाईच बोलली, "न्हाई. बोलले हुते. लावा तुमचा ऊस." विहीर त्या वर्षी तुडुंब होती, त्यामुळं सगळेच शहाणे दिसत होते. बेणं सरीत पडत गेलं. ती विहिरीकडं पाठ करून धान्य पाखडत बसली, आणि सुपातलं धान्य संपल्यावर नुसतं सूप पाखडत राहिली.

चाळीवर त्या पावसाळ्यात ती डोळ्यांत तेल घालून राहिली. भिजलेलं पाचट बदललं, नासका कांदा हातानं वेचून काढला, बाकीचा हलवून वारं दिलं. कांदा टिकला. तिनं लुंगीवाल्यापुढं जे सांगितलं होतं त्यातलं अक्षरही खोटं पडलं नाही. ती चुकीची ठरली असती तर तिला इतका राग आला नसता. दिवाळीनंतर वाघिणी लागल्या, भावही बरा आला. काकासाहेब म्हणाला, "बघा वहिनी, शेवटी झालंच की चांगलं." ती त्याच्याकडं अशी बघत राहिली, की तो टोपी सावरत निघून गेला.

त्याच दिवसांत पाथर्डीकडच्या गाड्या तोडीला निघाल्या होत्या. दरसालप्रमाणे तिचा भाऊ कानिफनाथ एका रात्रीपुरता वस्तीवर उतरला. सकाळी दात घासत तो विहिरीकडं गेला आणि परत आला तो खुशीत.

"आक्का, ऊस झ्याक आलाय गं! काय पेरी, काय रंग. फुडल्या साली आमची टोळी हितंच आनू का? भनीच्या घरचं काम, मुकादमाची कटकट न्हाई."

भावानं मनापासून कौतुक केलं होतं. उसाची पारख त्याला होती, पिढीजात होती. गोजरबाई घरात गेली, आढ्याची नवी वेणी उतरवली आणि सगळीच्या सगळी त्याच्या पुढ्यात टाकली.

"ह्ये घे. आईचं बी हाय. कोपीच्या दारात लाव. न्हानीचं पानी त्याच्यावरनं काढ. तुमी घरला जाशाल तवर डोंगळे वाळत्याल. बी धर, आन् आडाजवळ पेर. हितं आता त्याला जागा न्हाई."

"आगं, पर फडाच्या कडंला? उसाच्या रानात?"

"उसाच्याच रानात. मुकादम काय म्हनला तर माझं नाव सांग."

कानिफनाथनं वेणी गाडीच्या दांडीला बांधली. बैल जुंपले. ती गाडीच्या मागं चार पावलं चालत गेली आणि ओरडली, "आन् ऐक! कुनी इचारलं, ह्यो कांदा टिकतो का, तर म्हन, न्हाई टिकत. आठ दिसात सडतो म्हन!"

कानिफनाथनं कासरा ओढून गाडी थांबवली. बहिणीनं भलतंच काही सांगितल्यासारखं तो तिच्याकडं बघू लागला.

"आसं कसं म्हनू, आक्का? आईचा कांदा हाय. गेल्या साली तू दिल्याला आजून आमच्या घरात लटाकलाय, येनारा-जानारा बघून जातो."

मग गोजरबाई जी सुरू झाली, ती गाडी बाभळींच्या वळणाआड जाईपर्यंत थांबली नाही. भाऊ वळून वळून हात हलवत होता. त्याला वाटलं, आक्का निरोप देतेय.